माकुल रबर का होतं, आणि जगाने त्यावर काय उपाय काढले

माकुल शिजवण्यात एक उलटा न्याय आहे. तापलेल्या तव्यावर दोन मिनिटं ठेवलं तर लुसलुशीत, दहा मिनिटं ठेवलं तर रबर. आणि ते रबर कंटाळून फेकून न देता आणखी चाळीस-पन्नास मिनिटं मंद आचेवर ठेवलं, तर पुन्हा मऊ. मटण कमी शिजलं तर चिवट आणि जास्त शिजलं तर मऊ, हे सरळ आहे. मासा कमी शिजला तर कच्चा, जास्त शिजला तर कोरडा, हेही सरळ. माकुल मात्र मऊ, मग चिवट, मग परत मऊ अशी वाट चालतं, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी हॉटेलात खाल्लेली चिवट कडी ही त्या मधल्या टप्प्यावर उतरवलेली असतात.

एवढं ध्यानात आलं की जपानपासून पेरूपर्यंत माकुलाचे जे असंख्य पदार्थ होतात, ते एकाच अडचणीवरचे तोडगे आहेत हे दिसायला लागतं. कुणी आगीशी अगदी थोडा वेळ खेळतं, कुणी तासभर वाट बघतं, कुणी आग लावतच नाही, तर कुणी वाळवून, कुटून, दाबून त्याला वठणीवर आणतं.

आधी कोणाबद्दल बोलतोय ते स्पष्ट करू. माकुल म्हणजे स्क्विड, मेन्यूकार्डावरची कलमारी. गोव्यात माणकी, मंगळूरकडे बोंडास, केरळात कूंथळ. आपल्या किनाऱ्यावर माकुल हे नाव बऱ्याचदा दोन भावंडांना मिळून वापरतात. एक लांबट नळीसारखं, ज्याच्या आत प्लास्टिकसारखी पारदर्शक पट्टी निघते, ते स्क्विड. दुसरं रुंद, आणि आत पांढरं, हलकं, ठिसूळ हाड असलेलं, ते कटलफिश. त्याचं हाड म्हणजेच आयुर्वेदातलं समुद्रफेन, आणि पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासायला अडकवतात तेही तेच. शिजवण्याचे नियम दोघांना जवळपास सारखे लागतात, कटलफिशचं मांस फक्त जाड असतं. ऑक्टोपस तिसरा. त्याला आठ हात. माकुलाला आठ हात आणि भक्ष्यावर झेपावायला दोन लांब सोंडा.

हाडं नसल्याचा परिणाम

मासळीबाजारात पापलेटाच्या शेजारी मांडलेलं असलं तरी माकुल मासा नव्हे. ते तिसऱ्या, कालवं आणि गोगलगाईंच्या कुळातलं. पूर्वजांचं बाहेरचं कवच उत्क्रांतीत आत गेलं आणि झिजत झिजत ती पारदर्शक पट्टी तेवढी उरली. हाडांचा सांगाडा नाही, तरीही हा प्राणी वेगवान शिकारी आहे. मग त्याचे स्नायू ओढतात कशाच्या आधाराने?

उत्तर धडाच्या नळीत आहे. या नळीच्या भिंतीत बहुतेक स्नायूतंतू बांगडीसारखे गोल फिरलेले असतात आणि काही भिंतीच्या जाडीतून आत-बाहेर गेलेले. या स्नायूंच्या दोन्ही अंगांना कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाच्या तंतूंची घट्ट, तिरपी विणलेली चादर असते. माकुल नळीत पाणी भरून घेतं, गोल तंतू आवळतं, डोक्याखालच्या नळकांड्यातून पाणी जोरात बाहेर फेकतं आणि उलट दिशेला सुटतं. आवळताना नळी लांब होऊन तो जोर फुकट जाऊ नये म्हणून कोलॅजनच्या चादरी तिला धरून ठेवतात. जे काम आपल्याकडे हाडं करतात, त्यातलं बरंचसं इथे कोलॅजन करतं. म्हणूनच माशाच्या मांसाच्या तुलनेत माकुलात कोलॅजन तिपटीपासून पाचपटीपर्यंत असतं, आणि त्याचे धागे एकमेकांत जास्त पक्के गुंतलेले असतात. माशाचं मांस शिजल्यावर पाकळ्या-पाकळ्यांनी सुटतं, कारण तिथे आखूड स्नायूंच्या थरांमध्ये अगदी पातळ, पटकन विरघळणारं कोलॅजन असतं. माकुल तसं कधीच सुटत नाही.

आता आग लावा. पन्नास अंशांच्या पुढे गेल्यावर स्नायूंतली प्रथिनं गोठतात आणि काचेसारखं अर्धपारदर्शक मांस दुधासारखं पांढरं होतं. इथे थांबलं तर उत्तम. साठ अंशांच्या आसपास कोलॅजनच्या चादरी आकसायला लागतात आणि मधल्या स्नायूंना ओलं धुणं पिळावं तसं पिळून काढतात. कढईत अचानक एवढं पाणी कुठून आलं, असा प्रश्न पडतो तो याच क्षणी. तुकडे आखडतात, वळतात, आकाराने निम्मे होतात. हाच तो रबराचा टप्पा. मात्र आच बंद न करता ओल्या उष्णतेत तसंच ठेवलं, तर कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. पाया सूप थंड झाल्यावर जे थलथलीत गोठतं, तेच द्रव्य. पिळून गेलेलं पाणी परत येत नाही, पण विरघळलेलं जिलेटिन तंतूंमध्ये पसरून मांसाला पुन्हा ओलसर, मऊ करतं.

तंतूंच्या दिशेचीही एक गंमत आहे. ते बांगडीसारखे गोल असल्यामुळे सुकवलेलं माकुल आडवं फाडलं तर दोऱ्यासारखं सरसर फाटतं, उभं फाडायला गेलं तर हट्ट करतं. याचा अर्थ असा, की जगभर लोकप्रिय असलेली कडी हा चावण्याच्या दृष्टीने सगळ्यात गैरसोयीचा काप आहे. कडं कापताना सुरी तंतूंना समांतर चालते, त्यामुळे प्रत्येक घासात अख्खे लांब तंतू तोंडात येतात. टोकापासून तोंडाकडे उभ्या पट्ट्या कापल्या तर तंतू आडवे तुटतात आणि तेच माकुल मऊ लागतं. कडी दिसायला छान असतात म्हणून टिकली आहेत, दुसरं कारण मला दिसत नाही.

आणि चव? ताज्या माकुलाला एक हलका गोडवा असतो. आजूबाजूच्या खाऱ्या पाण्याशी शरीराचा तोल राखण्यासाठी ग्लायसिन, प्रोलिन अशी अमिनो आम्लं त्याच्या पेशींत मोकळी साठलेली असतात, आणि ही आम्लं जिभेला गोड लागतात. तोल सांभाळणारं आणखी एक द्रव्य असतं, जे शिळं होताना मोडून उग्र वास देतं. म्हणून माकुल ताजं असेपर्यंत अतिशय सौम्य आणि एकदा उतरलं की लपवता न येण्यासारखं.

दोन मिनिटांचा गट

भूमध्य समुद्राच्या काठचे लोक तळणीतले. इटलीत छोट्या मासळीबरोबर पिठात घोळवून तळलेलं माकुल, ग्रीसमध्ये लिंबू पिळून खायची तळलेली बाळमाकुलं, उत्तर स्पेनच्या कांताब्रियात रविवारी जेवणाआधी खाल्ली जाणारी ‘राबास’. तेल १८० अंशांच्या आसपास तापलेलं, पीठ नावापुरतं, वेळ दीड-दोन मिनिटं. पिठाचा थर इथे केवळ कुरकुरीतपणासाठी नसतो. तो तेलाची धग स्वतःवर घेतो आणि आतलं माकुल स्वतःच्याच वाफेत शिजतं.

यातला सर्वांत चमत्कारिक पदार्थ माद्रिदचा. समुद्रापासून तीनशे किलोमीटरहून दूर, पठारावर वसलेल्या या शहराची ओळख म्हणजे पावात भरलेली तळलेली माकुलाची कडी. प्लाझा मायोर या मुख्य चौकाच्या भोवतीच्या गल्ल्यांत हा पाव घेऊन उभ्याने खाणारी माणसं दिवसभर दिसतात. समुद्र नसलेल्या गावात मासळीची एवढी ओढ का, याचं एक कारण धर्मात आहे: कॅथलिक उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य, मासळी चालते, त्यामुळे राजधानीत किनाऱ्यावरून मासळी आणणाऱ्यांचा व्यापार जुन्या काळापासून पक्का होता.

चिनी स्वयंपाक्याने हीच घाई वेगळ्या कौशल्याने साधली. तो नळी उघडून सपाट करतो आणि आतल्या बाजूने तिरप्या चौकटीच्या उथळ चिरा देतो. गरम पाण्यात किंवा कढईत पडताच बाहेरची बाजू जास्त आकसते, तुकडा गोल वळतो आणि चिरा फुलून वर येतात. दिसायला सुंदर, पण त्यातलं खरं शहाणपण वेगळं आहे: चिरांमुळे आकसणारी चादर आणि लांब तंतू जागोजागी तुटतात, उष्णता लवकर आत पोहोचते आणि रस्सा धरायला खाचा मिळतात. काही सेकंद उकळत्या पाण्यात, मग पाणी निथळून धगधगत्या कढईत आणखी काही सेकंद. आपल्याकडच्या ‘चायनीज’मध्ये हे क्वचित जमतं, कारण गॅस तेवढा तापलेला नसतो आणि माकुल ओलंच टाकलेलं असतं.

थायलंडमध्ये वाफेवर शिजवून वरून लिंबाचा रस, लसूण, मिरची आणि माशाच्या सॉसचं आंबट-तिखट पाणी ओततात. माझ्या मते उष्ण हवेत खायला याच्याइतका चांगला माकुलाचा पदार्थ नाही. मसाला शिजवायचा प्रश्नच येत नसल्यामुळे माकुलाला हवा तेवढाच वेळ देता येतो.

वाट बघणारे

दुसऱ्या टोकाला जपानच्या होक्काइदो बेटावरचं मोरी नावाचं छोटं स्टेशन आहे. १९४१ साल, युद्धामुळे तांदळाची टंचाई, पण माकुल भरपूर. स्टेशनवर डबे विकणाऱ्या एका दुकानाने माकुलाच्या रिकाम्या नळीत थोडे तांदूळ भरले, तोंड काडीने टोचून बंद केलं आणि सोया सॉसच्या गोडसर रस्श्यात शिजवलं. तांदूळ आत फुगतात, नळी बाहेरून आवळते, आणि दोन छोट्या माकुलांत पोट भरतं. ‘इकामेशी’ नावाचा हा डबा आजही जपानमधल्या रेल्वेच्या नामांकित डब्यांत गणला जातो. टंचाईतून निघालेला पदार्थ टंचाई संपल्यावरही टिकला, कारण तो मुळात चांगला होता.

नळी ही आयती पिशवीच असल्याने भरण्याची कल्पना जागोजागी सुचलेली दिसते. कोरियाच्या सोक्चो शहरात युद्धाच्या वेळी उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांची वस्ती आहे. तिथे माकुलात चिकट भात, भाज्या आणि त्याचेच चिरलेले हात भरून वाफवतात. व्हिएतनाममध्ये डुकराचा खिमा आणि शेवया, इटलीत पावाचा चुरा आणि लसूण, मलबारात कांदा-खोबऱ्याचं सारण, गोव्यात रेशादचा लाल मसाला. एक सूचना मात्र सगळीकडे तीच: काठोकाठ भरू नका. नळी आकसते, सारण फुगतं, आणि मग फुटतं.

स्पेनच्या बास्क प्रांतात छोटी माकुलं कांदा, टोमॅटो आणि त्यांच्या स्वतःच्या शाईत मंद शिजवतात. ताटात येतं ते डांबरासारखं काळं. पहिल्यांदा बघणारा दचकतोच. ही शाई म्हणजे मेलॅनिन, आपल्या केसांना आणि त्वचेला रंग देणारं रंगद्रव्य, आणि त्याबरोबर थोडी अमिनो आम्लं. चव शाईच्या नावाला शोभेल अशी कडू वगैरे नसते. खारट, समुद्री आणि खोल असते, आणि रस्सा किंचित दाट होतो. व्हॅलेन्सिया आणि कॅटलोनियाचा काळा भात, व्हेनिसचा काळा रिसोतो, ओकिनावाचं काळं सूप, इंडोनेशियातल्या मदुरा बेटाकडचं काळं माकुल ही सगळी त्याच पिशवीची किमया. बाटलीत मिळणारी ‘स्क्विड इंक’ मात्र बरेचदा कटलफिशची असते. त्याच्याकडे शाईचा साठा मोठा असतो.

फिलिपिन्सचा अदोबो दोन्ही गटांच्या मध्ये चतुराईने उभा आहे. व्हिनेगर, सोया, लसूण आणि शाईत माकुल चटकन शिजवायचं, बाहेर काढून ठेवायचं, रस्सा एकटाच आटवायचा आणि शेवटी माकुल परत सोडायचं. रस्श्याला हवा तेवढा वेळ, माकुलाला हवा तेवढा. ही युक्ती आपल्या मालवणी मसाल्याला जशीच्या तशी लागू पडते.

आगीविना

जपानी लोकांनी कोलॅजन आकसण्याचा प्रश्न मुळातूनच उडवून लावला. कच्चं खायचं. पण कच्चं माकुलही दाताला चिकट आणि चिवट लागू शकतं, म्हणून तिथे सगळं काम सुरीचं. होक्काइदोच्या हाकोदाते बंदरात सकाळच्या न्याहारीला माकुलाचे शेवयांइतके बारीक उभे काप सोया आणि आल्याबरोबर खातात. क्यूशूकडच्या योबुकोत टाकीतून काढलेलं माकुल इतकं ताजं वाढतात, की खालची थाळी त्यातून दिसते. मेल्यावर रंगपेशी आणि स्नायू बदलत जातात आणि पारदर्शकता जाऊन दुधाळपणा येतो. म्हणून तिथे पारदर्शक असणं हीच ताजेपणाची पावती.

कच्च्याला एक धोका आहेच: आनिसाकिस नावाचा दोऱ्यासारखा जंत. त्यावर इलाज म्हणजे नीट शिजवणं किंवा उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवणं. गोठवण्याने माकुलाचं फारसं बिघडतही नाही, उलट बर्फाचे स्फटिक तंतू थोडे सैल करतात आणि ते जरा मऊच होतं. फ्रोझन माकुलाला नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

जपानच्या तोयामा उपसागरात बोटाएवढं, निळा प्रकाश देणारं काजवा-माकुल वसंतात किनाऱ्याजवळ येतं. तो समुद्राचा पट्टा १९५२ साली विशेष नैसर्गिक स्मारक म्हणून जाहीर झाला, आणि तरीही लोक ते पकडून उकडून व्हिनेगर आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) यांच्याबरोबर आवडीने खातात. आतड्यांसकट खायचं असल्यामुळे हे न गोठवता कच्चं खाणं धोक्याचं मानतात.

सुकवणं हा पूर्व आशियाचा आणखी जुना मार्ग. सुक्या माकुलावर जी पांढरी पावडर दिसते ती बुरशी नसते, बव्हंशी टॉरिनसारखी द्रव्यं पृष्ठभागावर येऊन जमलेली असतात. जपानमध्ये सुकं माकुल लग्न ठरवतानाच्या भेटवस्तूंत असतं आणि सुमोचा आखाडा पवित्र करताना मीठ, तांदूळ, समुद्री शेवाळाबरोबर मातीत पुरलंही जातं. कोरियात उल्लुंगदो बेटाचं सुकं माकुल प्रसिद्ध. भाजून, फाडून, शेंगदाण्यांबरोबर बिअरच्या सोबतीला. थायलंडच्या रस्त्यांवर सायकलगाडीला कपड्यांसारखी टांगलेली सुकी माकुलं दिसतात. विक्रेता एक उतरवतो, कोळशावर भाजतो आणि लोखंडी रोलरमधून दाबून काढतो. तंतू यंत्रानेच मोडले जातात आणि दातांचं काम हलकं होतं. व्हिएतनामच्या हा लाँगला तर माकुल दगडी उखळात हाताने कुटून त्याचे वडे तळतात. सुक्या माकुलाला पुन्हा मऊ करायला चिनी लोक क्षाराच्या पाण्यात भिजवतात. क्षारामुळे प्रथिनं फुगतात आणि पाणी धरतात. आपण छोले भिजवताना सोडा घालतो, त्यामागचा हेतूही मऊ करण्याचाच.

चालतं का, चालत नाही?

ज्यू धर्मशास्त्रात पाण्यातल्या प्राण्याला पंख आणि खवले दोन्ही हवेत. माकुलाला खवले नाहीत, म्हणून ते वर्ज्य. ग्रीक ऑर्थोडॉक्स परंपरेत याच्या उलट: ईस्टरपूर्व मोठ्या उपवासात पाठीचा कणा असलेली मासळी बहुतेक दिवस बंद, पण माकुल, ऑक्टोपस, शिंपले चालतात, कारण हे ‘रक्तहीन’ मानले गेले. ॲरिस्टॉटलने प्राण्यांची जी विभागणी केली त्यातही हे सगळे रक्तहीन गटात होते. खरं तर माकुलाला रक्त असतं, आणि ते फिरवायला एक नव्हे तीन हृदयं. फक्त प्राणवायू वाहून नेण्याचं काम त्यात लोहाऐवजी तांब्याचं द्रव्य करतं, म्हणून ते लाल न दिसता निळसर दिसतं. निळ्या रक्ताच्या पुण्याईवर ग्रीक उपवासाच्या ताटात माकुल टिकलं.

इस्लाममध्ये मतं वेगवेगळी आहेत. हनफी विचारात समुद्रातला मासा तेवढाच खाण्याजोगा, म्हणून माकुलाबद्दल वाद होतो. शाफी विचारात समुद्रातलं जवळपास सगळं चालतं. कोकणी मुसलमान बहुतेक शाफी. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या स्वयंपाकात त्यामुळे माकुलाला अडसर नाही.

दिव्यांचा धंदा

जगात माकुल, कटलफिश आणि ऑक्टोपस मिळून वर्षाला साधारण ३५ ते ४० लाख टन पकडले जातात, आणि त्यात मोठा वाटा माकुलाचा. हे जवळपास सगळं समुद्रातून पकडलेलं. कोलंबीसारखी त्याची व्यापारी शेती अजून उभी राहिलेली नाही. माकुल जिवंत भक्ष्य मागतं आणि गर्दीत एकमेकांनाच खातं.

अमेरिकेत बराच काळ माकुल हे मुख्यतः गळाला लावायचं आमिष होतं. खाणारे होते ते इटालियन, ग्रीक आणि आशियाई स्थलांतरित. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरेत चिनी कोळी एकोणिसाव्या शतकातच रात्री होडीवर आग पेटवून माकुल पकडत आणि सुकवून चीनला पाठवत. १९७० नंतर तळलेली ‘कॅलमारी’ हॉटेलांत रुजली, आणि २०१४ साली ऱ्होड आयलंडने तिला राज्याचा अधिकृत ‘ॲपेटायझर’ ठरवलं. राज्यपुष्प, राज्यपक्षी असतात तसं.

प्रत्येक माकुल खाण्यालायक असतं असंही नाही. गोष्टींतलं ते महाकाय माकुल तरंगण्यासाठी मांसात अमोनियाचे क्षार साठवतं, त्यामुळे चवीला भयंकर. पेरू-चिलीकडचं हम्बोल्ट माकुल ५० किलोपर्यंत वाढतं आणि त्यातही हा आंबट-कडू दोष थोडा असतो. कारखान्यांत धुऊन, प्रक्रिया करून तो काढतात. पेरूत ते गरिबांचं प्रथिन, त्याचं सेविचे (लिंबाच्या रसात मुरवलेले कच्चे तुकडे) आणि तळण रस्त्यावर मिळतं. जाड मांसातून साच्याने गोल कडी पाडली, की स्वस्त कॅलमारी तयार होते. फॉकलंड बेटांचं नाव आपण १९८२ च्या युद्धामुळे ऐकलेलं. तिथले लोक मेंढ्यांच्या लोकरीवर जगत होते. १९८६ साली मासेमारीचं क्षेत्र जाहीर झालं, पुढच्या वर्षीपासून परदेशी जहाजांना परवाने विकले जाऊ लागले आणि माकुलाने ती बेटं श्रीमंत केली.

माकुल उजेडाकडे येतं. म्हणून जहाजांवर शेकडो प्रखर दिवे लावतात, आणि अर्जेंटिनाच्या हद्दीबाहेर रात्री जमणारा ताफा अवकाशातून शहरासारखा चमकताना दिसतो. कोकणात याच उजेडावरून भांडण पेटलं. एलईडी दिव्यांच्या उजेडात होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली, तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. उजेडाला फक्त माकुलच येत नाही. लहान-मोठं सगळंच येतं आणि सगळंच जाळ्यात जातं.

बहुतेक माकुलं जेमतेम वर्षभर जगतात, एकदाच अंडी घालतात आणि मरतात. त्यामुळे एक वाईट मोसम म्हणजे पुढचं वर्ष रिकामं. जपानमध्ये २०११ साली तिथलं नेहमीचं माकुल दोन लाख टनांहून जास्त मिळत होतं. दहा वर्षांत त्याचा पाव भागही उरला नाही. बदललेलं तापमान आणि जास्त पकड दोन्हींकडे बोट दाखवलं जातं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरमध्ये येणारं माकुलही गोठवून मोठ्या प्रमाणात निर्यात होतं आणि स्पेन-इटली त्याचे मोठे गिऱ्हाईक आहेत. माद्रिदच्या पावात अरबी समुद्र अधूनमधून असतोच.

आपल्या कढईत

घेताना डोळे चमकदार आणि काळे बघावेत, सालीवरचे ठिपके ठसठशीत असावेत. मांस गुलाबी व्हायला लागलं असेल तर शिळं समजावं. डोकं हलक्या हाताने ओढलं की आतडी आणि शाईची पिशवी बरोबर येते. ती फुटली तर सिंक काळं होतं, बाकी नुकसान नाही. पारदर्शक पट्टी काढायची, हातांच्या मध्ये लपलेली पोपटासारखी चोच दाबून काढायची, साल सोलायची. बाहेरची साल निघाली की आकसणाऱ्या कोलॅजनचा थोडा भाग तिच्याबरोबर जातो, म्हणून आळस करू नये.

मग ठरवायचं: दोन मिनिटं की पाऊण तास. शॅकमधलं बटर-गार्लिक पहिल्या गटात. तवा धूर येईस्तोवर तापवायचा, माकुल कोरडं करून थोडं-थोडं टाकायचं. एकदम सगळं ओतलं की तवा थंड होतो, पाणी सुटतं आणि तुम्ही नकळत मधल्या टप्प्यात जाऊन पडता. घरचं सुकं करताना घोटाळा होतो तो इथेच. वाटण परतलं, माकुल घातलं, झाकण ठेवलं आणि पंधरा मिनिटांनी ‘शिजलं असेल’ म्हणून उतरवलं. एक तर वाटण पूर्ण परतून, आटवून शेवटी माकुल घाला, किंवा पंधराच्या जागी पंचेचाळीस द्या. कुकरमध्ये पाणी शंभरच्या वर तापत असल्याने ही वाट बरीच लहान होते. वरून पाणी मात्र घालू नका किंवा अगदी जुजबी घाला, त्याचं स्वतःचं भरपूर सुटतं. आमसुलं शेवटी.

माकुलात चरबी फार कमी आणि प्रथिनं चांगली, पण कोलेस्टेरॉल १०० ग्रॅममागे सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या पुढे. ज्यांना डॉक्टरांनी सांगितलंय त्यांनी बेताने घ्यावं. कोलंबीची ॲलर्जी असलेल्यांनीही सावध राहावं, दोन्हींत त्रास देणारं प्रथिन एकाच जातीचं आहे.

आणि उरलेल्याचं काय? तळलेली कडी उरवूच नयेत, दुसऱ्या दिवशी गरम करताना ती थेट रबराच्या टप्प्यात शिरतात. पाऊण तास शिजलेलं सुकं मात्र खुशाल ठेवावं. त्यातलं कोलॅजन आधीच विरघळलेलं असतं, मसाला रात्रभर मुरतो, आणि सकाळच्या तांदळाच्या भाकरीबरोबर ते आदल्या रात्रीपेक्षा चांगलं लागतं.